स्वयंसेविका सासूबाई

लग्न होऊन रेवदंड्याला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत मॅट्रिकचं सर्टिफिकेट होतं, आणि ते कुठे ठेवायचं हे सासरी कुणाला सुचेना. शेवटी सासूबाईंनी ते उचललं, पदरानं पुसलं आणि देवाच्या चांदीच्या भांड्यांबरोबर पेटीत ठेवून दिलं. "आमच्या घरात बाईमाणसाचा असा कागद पहिलाच," म्हणाल्या आणि वाल सोलायला निघून गेल्या. मला वाटलं, विषय संपला.

तो संपला नव्हता. स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाली होती. आमच्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. गावोगाव मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायचं ठरत होतं आणि आमच्या गावातही एका निवृत्त हेडमास्तरांनी त्यासाठी मंडळ काढलं होतं. त्यांना सगळं गाव गुरुजी म्हणे. पहिल्या सभेला हात वर करणारे पुष्कळ निघाले. वाडीवाले, दुकानदार, पोस्टातले, हायस्कुलातले, सगळ्यांनी रोज संध्याकाळी तासभर द्यायचं कबूल केलं. पंधरवड्यात त्यातल्या कुणाची पाठ धरली, कुणाच्या घरी पाहुणे आले, कुणाचा रहाट मोडला. गुरुजी रागावले नाहीत. ते म्हणाले, "सभेतला स्वयंसेवक आणि वर्गातला स्वयंसेवक हे दोन निरनिराळे प्राणी आहेत. पहिला दिसायला छान असतो, पण पाळता येत नाही."

आमचे यजमान हायस्कुलात शिक्षक. ते वर्गातल्या जातीचे निघाले. बाजारामागच्या धर्मशाळेत ते पुरुषांचा वर्ग घेत. एक दिवस घरी आले आणि जेवताना सहज म्हणाले, "कोळीवाड्यातल्या बायकांच्या वर्गाला शिकवणारी बाई मिळत नव्हती. मी तुझं नाव सांगून आलो."

मी आमटी वाढत होते. माझ्याआधी सासूबाई बोलल्या. "कोळीवाड्यात? एकटी?"

"मग तू जा सोबत," यजमान हसत म्हणाले. आपली आई दुपारची झोप सोडून कुठे जाणार नाही, अशी त्यांना खात्री होती.

सासूबाईंनी ताटातला भात संपवला, हात धुतला आणि म्हणाल्या, "जाईन."

कोळीवाड्यात देवीचं छोटं देऊळ होतं. त्याच्या ओसरीवर वर्ग भरायचा. एका बाजूला जाळ्यांचे ढीग, दुसऱ्या बाजूला वाळत घातलेले बोंबील, आणि समोर खाडीच्या तोंडाशी उभ्या होड्या. पहिल्या दिवशी मी नवीन पातळ नेसून, हातात खडूचा डबा घेऊन गुरुजी आणि सासूबाईंबरोबर गेले. ओसरीवर बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध नाखवीण. होडीच्या मालकाला आमच्याकडे नाखवा म्हणतात, त्याची ही बायको. सबंध कोळीवाडा तिच्या शब्दाबाहेर नव्हता. ती रोज आमच्या मागच्या दारी मासळी घेऊन यायची, त्यामुळे सासूबाईंची आणि तिची ओळख जुनी. म्हणजे भांडण जुनं. भाव करताना दोघी एकमेकींच्या माहेरापर्यंत जायच्या आणि सौदा झाला की एकाच पानाच्या डब्यातून पान खायच्या.

नाखविणीनं मला नखशिखांत पाहिलं. "काय गो पोरी, तू शिकवनार आमाला?"

"हो."

"तुजं वय किती?"

मी सांगितलं.

"माज्या धाकट्या सुनेचं हाय तेवढं," ती म्हणाली आणि शेजारणीच्या मांडीवरचं रडणारं पोर उचलून माझ्या हातात दिलं. "आदी ह्याला गप कर. मग आमाला शिकव."

पोर काही गप होईना. त्या दिवशी गुरुजींनी शिकवलं आणि मी ओसरीखाली पोराला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घातल्या. स्वयंसेवा म्हणजे पाटीवर अक्षर काढून दाखवणं अशी माझी कल्पना होती. आईच्या दोन्ही हातांत पाटी-पेन्सिल यायची तर आधी तिच्या हातातलं मूल कुणीतरी घ्यावं लागतं, हे मला त्या पोरानं शिकवलं. जाताना माझ्या नव्या पातळावरही त्याची खूण राहिली.

पण गुरुजींपुढे बायका तोंड उघडेनात. ते वयानं मोठे, गावात मान असलेले. त्यांनी "बोला, क" म्हटलं की सगळ्या पदर पुढे ओढून जमिनीकडे बघायच्या. आठवडाभरानं गुरुजींनी खडू माझ्या हातात दिला. "मी पुरुष आहे आणि म्हातारा आहे. दोन्ही दोष या वर्गाला चालत नाहीत," म्हणाले आणि देवळामागे चिंचेखाली जाऊन बसले. लागलं तर हाक मार, असं सांगून.

आता पोरं कुणी घ्यायची? सासूबाई ओसरीच्या टोकाला खांबाला टेकून, घरून आणलेल्या चटईवर बसत. त्यांनी हात पुढे केले. त्या दिवसापासून वर्गातली तान्ही पोरं त्यांच्याकडे. एक मांडीवर, एक चटईवर, एक पदराला धरून उभं. आणि नवल असं की त्यांच्याजवळ पोरं रडत नसत.

वर्गाची वेळ घड्याळावर नव्हती, पाण्यावर होती. होड्या भरतीबरोबर आत यायच्या. त्या वेळी बायका किनाऱ्यावर. मग मासळी निवडायची, पाट्या डोक्यावर घेऊन बाजारात धावायचं. त्यामुळे वर्ग कधी सकाळी उशिरा, कधी भर दुपारी, कधी उन्हं कलल्यावर. भरतीची वेळ तिथीवरून कळते, म्हणून मी तिथीचं कॅलेंडर पाहायला शिकले. माहेरी श्रीवर्धनलाही समुद्र होताच, पण आमचं घर पोफळीच्या वाडीत. समुद्र म्हणजे संध्याकाळी फिरायला जायची जागा. इथे आज षष्ठी आहे म्हणून शाळा अमुक वेळी भरणार, हे यजमानांना सांगितलं की ते कपाळाला हात लावायचे.

मंडळाकडून आलेलं पुस्तक देशावरच्या शेतकऱ्यासाठी लिहिलेलं असावं. त्यात मोट होती, बैल होता, ज्वारीचं कणीस होतं. एक दिवस 'न' शिकवायला मी नांगराचं चित्र दाखवलं. "न नांगराचा."

नाखविणीनं पुस्तक हातात घेतलं, चित्र उलटं-सुलटं करून पाहिलं आणि शेजारणीकडे दिलं. पुस्तक सगळ्या ओसरीभर फिरलं.

"ह्यो नांगर?" ती म्हणाली.

"हो. नांगरच आहे."

"पोरी, ह्यो नांगर पान्यात टाकला तर होडी मुंबैला जाईल."

सगळ्या हसत सुटल्या. माझ्या डोक्यात प्रकाश पडायला थोडा वेळ लागला. त्यांचा नांगर होडी धरून ठेवणारा, लोखंडी, आकड्यांचा. मी फळ्यावर तो काढायचा प्रयत्न केला. तो इतका वाईट आला की नाखवीण उठून आली, माझ्या हातातला खडू घेतला आणि तिनं एका झटक्यात होडीचा नांगर काढला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं खडू धरला होता. तो तिनं परत दिला नाही. त्या चित्राखाली 'न' काढायचा म्हणून हट्टानं उभी राहिली आणि तिनं काढलाही, जरासा पोटात गेलेला.

मग मी पुस्तक गुंडाळून ठेवलं. क कोळंबीचा, ब बोंबलाचा, म मांदेलीचा, स सुकटीचा. प पापलेटाचा की पाटीचा यावर वाद झाला, पापलेट जिंकलं. घ कशाचा, ते मासळीत सापडेना तेव्हा गुरुजी चिंचेखालून ओरडले, "घोळ!" घोळ मासा मी विसरलेच होते. बायका त्या दिवशी पहिल्यांदा गुरुजींसमोर मोकळं हसल्या.

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या, तेव्हा वर्ग रोज आणि भरपूर वेळ भरू लागला. बायका जाळी विणता विणता अक्षरं घोकत. याच दिवसांतली गोष्ट. एका सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर सासूबाई मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. समोर सूप. सुपात सोललेल्या वालांच्या डाळिंब्या एका ओळीत मांडलेल्या दिसल्या. मला वाटलं, उगाच चाळा. मग नीट पाहिलं तर तो 'ब' होता. शेजारी अर्धा 'ळ'.

माझी चाहूल लागताच त्यांनी हात फिरवला आणि डाळिंब्यांचा ढीग केला. "नारळ खवून झाला का?" त्यांनी विचारलं.

"खवते," मी म्हटलं.

नारळ खवताना मला एकेक आठवू लागलं. सासूबाई श्रावणात पोथी वाचत. घरातले सगळे ऐकायला बसत. त्यांचा आवाज गोड होता आणि कुठे अडखळणं नाही. पण एकदा मी मागून डोकावले होते तेव्हा त्या जे म्हणत होत्या ते उघड्या पानावर नव्हतं. मला वाटलं, माझीच ओळ चुकली. कुणाचं पत्र आलं तर "माझा चष्मा सापडत नाही, तूच वाच," असं त्या म्हणत. त्यांना चष्मा नव्हताच. मी घरात येऊन वर्ष होत आलं होतं आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मी कुणाला काही बोलले नाही. फक्त वर्गात माझा आवाज थोडा वाढला. फळा मी खांबाच्या दिशेनं थोडा वळवून ठेवू लागले. अक्षर सांगताना ते दोनदा सांगू लागले, एकदा बायकांसाठी आणि एकदा त्या टोकासाठी. नाखविणीच्या डोळ्यांतून यातलं काही सुटलं नाही. एका दुपारी ती आपली पाटी उचलून सरळ सासूबाईंच्या चटईवर जाऊन बसली. "वयनी, मला ह्यो 'झ' दिसत न्हाय नीट. तुमी बगा, बरोबर हाय का?"

"मला काय विचारतेस? मी पोरं सांभाळायला येते."

"पोरं सांबालता, पन डोलं हायत न्हवं?"

सासूबाईंनी पाटी पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "शेपूट राहिलं याचं." आणि बोटानं ते काढून दाखवलं. शेपूट बरोबर होतं. नाखविणीनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या दिवसापासून तिची जागा तीच झाली. ती मुद्दाम चुका करायची की खऱ्या, हे मला कधी कळलं नाही. पण दोघी डोक्याला डोकं लावून भांडायच्या आणि भावाच्या भांडणाइतक्याच जोरात.

नारळी पौर्णिमेला होड्या परत पाण्यात गेल्या. दिवाळीनंतर बातमी आली की अलिबागहून साहेब परीक्षा घ्यायला येणार. गुरुजी एकदम वीस वर्षांनी तरुण झाले. ओसरी सारवून घेतली, तोरणं बांधली. आणि मंडळाच्या सगळ्या स्वयंसेवकांसाठी त्यांनी बिल्ले करून आणले. पुठ्ठ्याचं गोल, त्यावर रंगीत कागद, खाली रेशमी फीत आणि मधे 'स्वयंसेवक'. बायकांसाठी खास 'स्वयंसेविका'. एक मला आणि एक सासूबाईंना.

"मला कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

"वहिनी, तुम्ही नसता तर ह्या वर्गात नुसती रडारड झाली असती," गुरुजी म्हणाले. "या गावात सगळ्यांत जास्त तास भरणाऱ्या स्वयंसेविका तुम्ही."

सासूबाईंनी बिल्ला पदराला लावला. परीक्षेच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसल्या आणि वाटेत दोनदा बिल्ला सरळ केला.

साहेब एस.टी.नं आले. सकाळपासून गावं घेत आले होते आणि त्यांचा घसा पार बसला होता. बोलायला गेले की फक्त हवा यायची. पुरुषांच्या वर्गाची परीक्षा धर्मशाळेत त्याच वेळी होती, म्हणून गुरुजी आणि यजमान तिकडे गेले होते. इकडे साहेबांनी आधी एकेकीला वाचायला दिलं. बायकांनी वाचलं. काही थरथरत, काही ओरडून, पण वाचलं. मग त्यांनी पाट्या घ्यायला सांगितल्या आणि खिशातून एक छापील कागद काढला. उतारा सांगायचा होता.

मी हात पुढे केला. साहेबांनी मान हलवली. "शिकवणाऱ्या बाईंनी स्वतःच्या वर्गाला उतारा सांगायचा नाही," ते कसेबसे म्हणाले. "तोंडाच्या हालचालीवरून खुणा होतात." त्यांनी ओसरीभर नजर फिरवली. ती सासूबाईंच्या बिल्ल्यावर थांबली. "या बाई सांगतील." आणि कागद त्यांच्या हातात देऊन टाकला.

सासूबाईंच्या मांडीवर एक पोर झोपलं होतं. त्या कागदाकडे पाहत राहिल्या. साहेबांना खरं सांगावं तर वर्गासमोर सासूबाईंची लाज जायची, न सांगावं तर पुढच्या क्षणी जायचीच. मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात नाखवीण म्हणाली, "सांगा वयनी. सावकाश सांगा. आमाला लिवायला टाइम लागतो."

सासूबाईंनी पोराला मांडीवर सारखं केलं. कागद डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ आणला.

"आ... प... ले," त्या म्हणाल्या. आणि थांबल्या. "आपले."

पाट्यांवर पेन्सिली कुरकुरल्या.

"गा... व. गाव." पुन्हा थांबल्या. यापुढे त्या जाईनात. मी मान उंचावून पाहिलं. पुढचा शब्द होता 'स्वच्छ'. जोडाक्षरं आम्ही नुकती कुठे सुरू केली होती. त्यांचे ओठ हलत होते. मग त्यांनी तो शब्द तसाच सोडला आणि म्हणाल्या, "ठे... वा. ठेवा."

"आपले गाव काय ठेवा?" मागून एकीनं विचारलं.

"थांबा," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "मधला शब्द येतोय. जागा सोडा त्याला."

सगळ्यांनी जागा सोडली. सासूबाईंनी पुढची ओळ वाचायला घेतली. विहिरीजवळ कपडे धुऊ नका, असं काहीतरी होतं. एकेक अक्षर सुटं करून, मग जोडून त्यांनी ते सांगितलं. कपडे, विहीर, घाण पाणी असं सगळं जमल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "हां. पहिल्या ओळीत या. मधला शब्द, स्वच्छ. आपले गाव स्वच्छ ठेवा."

उतारा चार ओळींचा. साहेबांचा चहा येऊन, पिऊन, कपबशी परत गेली तरी तो चालू होता. साहेब खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी पाट्या पाहिल्या. एखाद-दुसरी काना-मात्रा सोडली तर जवळजवळ सगळ्या बरोबर. 'स्वच्छ' मात्र तऱ्हेतऱ्हेचा होता, पण साहेबांनी तो माफ केला.

मग ते माझ्याकडे वळले. चहानं त्यांचा घसा थोडा सुटला होता. "मी इतक्या ठिकाणी परीक्षा घेतो. सगळीकडे मंडळाचे लोक उतारा सांगतात जसा काही आगगाडी चुकणार आहे. बायका बिचाऱ्या मागे राहतात. या बाईंसारखा सांगावा. घाई नाही, प्रत्येक अक्षर सुटं. फार अनुभव दिसतो."

"व्हय साहेब," नाखवीण म्हणाली. "लय अनुभव हाय त्यांना."

घरी जाताना आम्ही माडांच्या वाडीतून चाललो होतो. सासूबाई पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेत त्या एकदम थांबून म्हणाल्या, "तो 'च्छ' कुणी काढला गो?"

मला हसू फुटलं. त्याही हसल्या, इतक्या की माडाला टेकून उभ्या राहिल्या. डोळे पुसून मग सांगू लागल्या. लहानपणी भावाला शाळेत पोचवायला त्या जात. शाळेच्या कुडाबाहेर उभ्या राहून आतलं ऐकत. पाढे, कविता, सगळं पाठ. पण फळा आतल्या भिंतीला होता; तो बाहेरून दिसत नसे. "कानानं शिकले तेवढं शिकले," म्हणाल्या. "लग्न झालं तेव्हा सगळ्यांना वाटलं, हिला पोथी येते म्हणजे वाचता येतं. मीही म्हटलं, वाटू दे. मग सांगायची वेळच निघून गेली."

"यांना माहीत आहे?" मी यजमानांबद्दल विचारलं.

"नाही. आणि तू सांगू नकोस."

मी सांगितलं नाही.

बायकांना शाळेच्या मैदानात समारंभ करून साक्षरतेचे दाखले दिले. नाखविणीनं आपला दाखला उलटा-सुलटा करून स्वतः वाचला आणि तिच्या नावातली वेलांटी चुकली आहे म्हणून तिथल्या तिथे बदलून घेतला. सासूबाई स्वयंसेवकांच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांना दाखला नव्हता, कारण त्या शिकणाऱ्यांत नव्हत्याच. मला ते लागलं. त्यांना लागलं का, कळलं नाही. दुसऱ्या दिवशी मागच्या दारी नाखविणीनं विषय काढला तेव्हा मी आतून ऐकलं.

"वयनी, तुमालाबी कागद पायजे व्हता."

"मला कागद काय करायचाय? पुढच्या वर्षी मी शिकवणार आहे. आज बांगडा ताजा नाही तुझा."

आणि त्यांनी शिकवलं. पुढच्या वर्षी माझ्या बाळंतपणामुळे मी माहेरी, आणि मग यजमानांची बदली श्रीवर्धनच्या शाळेत झाली. बायकांचा नवा वर्ग सासूबाई आणि नाखवीण दोघींनी चालवला. मी सुट्टीत आले की पाहायची. सासूबाई अक्षरं शिकवत आणि नाखवीण हजेरी घेई. हजेरी म्हणजे ती सकाळी घरोघर जाऊन बायकांना दरडावून यायची. सासूबाईंची शिकवायची तऱ्हा मला कधी जमली नाही. एकेका अक्षरापाशी त्या इतका वेळ थांबत की मी असते तर पाच अक्षरं पुढे गेले असते. पण त्यांच्या वर्गातलं कुणी मागे राहत नसे.

काही वर्षांनी अलिबागला जिल्ह्यातल्या प्रौढ शिक्षणाच्या कार्यकर्त्यांचा मेळावा भरला. आम्ही श्रीवर्धनहून गेलो. सासूबाई आणि नाखवीण रेवदंड्याहून आल्या. मांडवात गर्दी होती. भाषणं झाली. मग एक तरुण कार्यकर्ता उठला. कॉलेजात शिकलेला, तळमळीचा मुलगा होता, आणि त्यानं जे मांडलं ते वाईट हेतूनं नव्हतं. तो म्हणाला, माणसं थोडी आणि वेळ कमी आहे, तेव्हा पन्नाशीच्या पुढच्या बायकांवर श्रम घालू नयेत. त्या वयात अक्षर बसत नाही. त्यापेक्षा तरुण बायकांकडे लक्ष द्यावं.

काहींनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी विचारलं, "यावर कुणाला बोलायचं आहे?"

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. त्यांना सभेत बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र पोथी सांगायचा, मांडवाच्या टोकापर्यंत पोचणारा.

"मी पन्नाशीनंतर शिकले," त्या म्हणाल्या. "कोळीवाड्याच्या ओसरीवर, दुसऱ्यांची पोरं सांभाळताना. माझ्या सुनेनं शिकवलं आणि तिला वाटलं की ती मला शिकवतेय हे मला कळलं नाही. आता मी शिकवते. आमच्या वर्गात एक साठीची बाई आहे. तिला वेळ लागतो. लागू दे."

एवढं बोलून बसल्या. नाखविणीनं टाळी वाजवली आणि सगळा मांडव वाजवू लागला. तो तरुण मुलगा उठून पुढे आला आणि त्यानं वाकून सासूबाईंना नमस्कार केला.

मी यजमानांकडे पाहिलं. ते टाळी वाजवत नव्हते. आईकडे पाहत बसले होते.

परतताना मी आणि यजमान सासूबाईंना आणि नाखविणीला सोडायला रेवदंड्यापर्यंत गेलो. एस.टी.त नेहमी ते माझ्याशेजारी बसत. त्या दिवशी आईशेजारी जाऊन बसले. मी आणि नाखवीण मागच्या बाकावर. चौल गेल्यावर यजमान म्हणाले, "आई, लहानपणी माझा अभ्यास तू घ्यायचीस. पुस्तक हातात धरून समोर बसायचीस. मी चुकलो की 'परत वाच' म्हणायचीस. आणि मी खरंच चुकलेलो असायचो."

"हो."

"तुला कसं कळायचं?"

सासूबाई खिडकीबाहेर पाहत होत्या. "तुझा आवाज बारीक व्हायचा," त्या म्हणाल्या. "जिथे येत नसे तिथे तू पटकन पुढे सटकायला बघायचास. ते ओळखायला अक्षर कशाला लागतं?"

यजमान हसले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. त्यांनी आईचा हात धरला. मोठा झाल्यावर मुलगा आईचा असा हात धरत नाही आमच्याकडे. त्यांनी धरला आणि उतरेपर्यंत सोडला नाही.

मागच्या बाकावर नाखवीण माझ्या कानाशी लागली. "ह्येंना ठावं नव्हतं?"

"नाही."

"मास्तर ना ह्ये?" ती म्हणाली, आणि पिशवीतून पान काढून तिनं अर्धं माझ्या हातावर ठेवलं.